नानामामांची दाद

नाशिकहून एसटीत बसले तेव्हा मैत्रिणींना सांगितलं होतं, छत्रपती संभाजीनगरला सिंफनी ऐकायला चाललेय. वेरूळला चाललेय म्हटलं असतं तर एवढ्या हसल्या नसत्या. पण बाहेरगावचा भलामोठा वाद्यवृंद येणार होता, आणि त्यांची पाहुणी पियानोवादक होती आमची सायली, माझ्या नानामामांची नात. लेणी काय, कुठं पळून जात नव्हती.

क्रांती चौकाजवळच्या घरी पोचले तर नानामामा भरदुपारीच इस्त्रीचा झब्बा घालून तयार. शेजारी त्यांचे जुने दोस्त रहीमभाई, निवृत्त उर्दू शिक्षक. त्यांनी घरून नान-खलिया (तंदुरी नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा) आणला होता. मी लाज न बाळगता दोनदा वाढून घेतला.

या दोघांचा जन्म मुशायऱ्यांत (उर्दू कवींच्या मैफलींत) गेलेला. तिथं ओळ आवडली की तिथल्या तिथं ‘वाह’ म्हणायचं, आणि कवीनं कपाळाशी हात नेऊन आदाब करायचा. नानामामांची ‘वाह’ मात्र महाकंजूष. सायली लहानपणापासून त्यांच्यासमोर वाजवत आली, पण ‘हां, बरंय’च्या पुढं ते कधी गेले नाहीत. “आत्या, आजोबा येतायत हेच खूप झालं,” असं ती मला फोनवर हसत म्हणाली होती. त्या हसण्यानं मी फसले नाही.

आणि वर तिनंच ताकीद दिली होती. वाजवणं चालू असताना शब्द नाही. रचनेचे तीन भाग, मध्ये टाळीसुद्धा नाही.

“मग दाद कधी द्यायची?” नानामामांनी मला विचारलं.

“सगळं झाल्यावर.”

“तवर ती शिळी व्हतीय की.”

“नाना, आज जबान को ताला लगाना, बस,” रहीमभाई म्हणाले.

नानामामांनी कुलूप म्हणून तोंडात पान भरलं. नाट्यगृहाच्या दारावरच्या माणसानं ते थुंकायला लावलं. कुलूप गेलं तसे मामा कासावीस झाले आणि रुमाल हातात घेऊन बसले.

सायली निळी पैठणी नेसून आली. वाऱ्यानं ज्वारी एका बाजूला कलावी तसे व्हायोलिनचे गज एकदम हलले आणि माझ्या अंगावर काटा आला. पहिला भाग संपताच अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या, उरलेल्या अर्ध्यानं ‘शू’ केलं. ‘शू’चाच आवाज जास्त झाला.

दुसरा भाग संथ होता. सगळी वाद्यं थांबली आणि सायली एकटी एक छोटीशी धून वाजवू लागली. शेवटचा सूर तिनं तसाच सोडून दिला. मी वळून पाहिलं तर नानामामांनी रुमाल तोंडात कोंबला होता आणि डोळे भरून आले होते. मला त्या नियमाचा भयंकर राग आला.

संपल्यावर सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. नानामामा बसूनच.

“मामा, उठा की.”

“जागा गेली बाई. तिथं म्हणायचं व्हतं. आता म्हणून काय उपयोग?”

सायलीची नजर आमच्याच रांगेवर होती. बसलेले आजोबा दिसले आणि तिचं हसू उतरलं. मला ते पाहवेना.

तेवढ्यात रहीमभाईंनी हात वर केला. “मुकर्रर!” (पुन्हा एकदा.) मागून कुणीतरी साथ दिली आणि बघता बघता निम्मं सभागृह ‘मुकर्रर’ म्हणू लागलं. मला वाटलं, आता आपल्याला बाहेर काढणार. पण वाद्यवृंदाचे संचालक हसले आणि त्यांनी पियानोकडे हात केला. लोक सोडत नसले की पाहुण्यानं आणखी थोडं वाजवायचं, ही रीत त्यांच्यातही आहे म्हणे.

सायली एकटीच बसली आणि तीच संथ धून वाजवू लागली. तोच सूर तसाच सुटला.

“वाह, पोरी.”

आवाज मोठा नव्हता, पण त्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत गेला असेल. सायलीचा डावा हात अजून पट्ट्यांवरच होता. उजवा हात तिनं कपाळाशी नेला आणि आदाब केला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत मी ठरवलं, मैत्रिणींना वाद्यांची नावं सांगत बसायचं नाही. दाद वेळेवर मिळाली तर ती देणाऱ्याचंही भलं करते, एवढंच सांगायचं. वैजापूरच्या अलीकडे सायलीचा फोन आला.

“आत्या, तुलाही ऐकू आलं ना? आजोबा काय म्हणाले?”

“‘वाह, पोरी’ म्हणाले.”

ती म्हणाली, “परत सांग.”

मी परत सांगितलं.