देवासचा कॉम्प्युटरवाला

हे सांगायला मी फार उशीर केला. धारच्या एका कचेरीत मी बाबू होतो. तिथले कॉम्प्युटर दुरुस्त करायला देवासहून एक जण येई. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्याच कामावर त्याचं दुकान चालायचं. मशीनला हात लावण्याआधी तो तळवे शर्टाला पुसायचा आणि तिलाच विचारायचा, "हाँ भिया, क्या हो गया?"

खंडेनवमीला आम्ही मराठी माणसं हत्यारं स्वच्छ करून पुजतो. माझं हत्यार कॉम्प्युटर. त्या वर्षी मी तो बाहेरून पुसला आणि आतलाही कचरा काढला. प्रोग्रामांच्या यादीतलं एक अनोळखी इंग्रजी नाव काढून टाकलं. तो नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, निघाला. तार जोडलेली असूनही नेटवर्क मिळेना, कामं अडली. साहेब भडकले तेव्हा मी म्हणालो, "परवा देवासवाल्यानं हात लावला होता."

तो आला, पडद्यावर काहीतरी वाचलं आणि पेनड्राइव्हमधून ड्रायव्हर पुन्हा टाकला. साहेबांनी सर्वांदेखत त्याला झापलं, काम कायमचं बंद केलं. तो पेनड्राइव्ह खिशात टाकून निघाला.

जिन्यात मला म्हणाला, "काका, मशीन सब लिखके रखती है. नवमीला, सव्वाअकराला, तुमच्या नावानं काढलाय."

मी विचारलं, "मग साहेबांसमोर बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

साहेबांची खोली दहा पावलांवर होती, दारही उघडं होतं. मी जिन्यातच उभा राहिलो आणि तो उतरून गेला.