सनईसाठी सोडलेलं आंबट

"काकांना स्कर्व्ही झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला आधी हायसंच वाटलं. वेडीच मी! इतके दिवस ब्लड कॅन्सरच्या शंकेने जीव टांगणीला लागला होता. स्कर्व्ही म्हणजे व्हिटॅमिन सी, आपलं क जीवनसत्त्व, अंगात न उरल्याने होणारा आजार.

काका म्हणजे आमचे हे, सनई वाजवतात. नाशकातली लग्नं, त्र्यंबकेश्वरचे उत्सव, सगळीकडे यांना बोलावणं. वाजवणाऱ्याने आंबट खायचं नाही, गळा धरतो, हा माझ्या सासऱ्यांचा दंडक. आधी चिंच-कैरी गेली. मग एकदा खोकला लांबला आणि यांनी लिंबू, आवळा, टोमॅटो, द्राक्षं, पेरू, सरसकट सगळंच बंद केलं. हिरवी मिरची ओठांना झोंबते, कोथिंबीर घशात अडकते. पालेभाजी पार गाळ झालेली हवी. मी किती डोकं फोडलं! "सनई तू वाजवतेस की मी?" एवढं म्हणून मला गप्प करायचे.

आधी थकवा आला, तो वयाच्या नावावर खपला. मग पोटऱ्या ठणकू लागल्या. कुठे पडणं नाही, आपटणं नाही, तरी मांड्यांवर काळेनिळे डाग. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या. सनईची तोंडात धरायची पत्ती एकदा रक्ताने माखलेली दिसली, तेव्हा मी यांचं काही एक न ऐकता रिक्षा बोलावली.

रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. मग बोन मॅरो, म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढतात. बाहेरच्या बाकावर बसून मी देवाला नाही नाही ते बोलले. हे बाहेर आले आणि विचारतात काय, "दात हलतायत गं. लग्नसराईपर्यंत घट्ट होतील ना?" मला यांच्या जिवाची धास्ती, यांना सनईची.

मगजाचा रिपोर्ट चांगला आला, तरी रक्त थांबेना. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पायावरच्या केसांच्या मुळाशी आलेले लाल ठिपके भिंगातून पाहिले.

"काका, फळं कोणती खाता?"

"फळं? घशाला चालत नाहीत."

"नाशकात राहून?" बाई बघतच राहिल्या. मग रक्तातलं व्हिटॅमिन सी तपासलं. जवळजवळ नव्हतंच.

त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते. हे जीवनसत्त्व आपलं शरीर बनवत नाही, फार साठवतही नाही; खाण्यातूनच यावं लागतं. ते नसलं की हिरड्या आणि बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. आवळ्यात, पेरूत ते भरपूर. लिंबू, पपई, ढोबळी मिरची, कोथिंबीर, शेवग्याचा पाला यांतही असतं. फार शिजवलं की बरंचसं जातं. आणि आंबट चवीवरून ते ओळखता येत नाही. चिंचेत अगदी थोडं, गोड पपईत कितीतरी जास्त!

गोळ्या सुरू झाल्या. काही दिवसांत रक्त थांबलं, हळूहळू डाग फिकटले. मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोच दातांचे डॉक्टर म्हणाले, "आजार गेला. पण पुढचे दात हाडातून सुटलेत, ते वाचणार नाहीत." जिना उतरताना यांनी माझा हात घट्ट धरला होता.

तुमच्या घरात कोणी गळ्यासाठी, ऑपरेशनच्या टाक्यांसाठी, सांध्यांसाठी फळं सोडली असतील तर डॉक्टरांना एकदा विचारा. आणि असे डाग दिसले तर जेवणात काय असतं, काय नसतं, ते आपणहून सांगा. कोणी विचारेल म्हणून थांबू नका.

आता यांना कवळी आहे. पण ओठांना आधार मिळत नाही, वारा निसटतो, सूर चिरकतो. लग्नांची बोलावणी आली की मीच नाही सांगते. तरी सकाळी अंघोळ झाली की हे सनई घेऊन बसतात. ज्या माणसाचं वाजवणं ऐकायला लोक मांडवात जेवणं सोडून उभे राहायचे, तो मला म्हणतो, "खिडकी लाव गं, बाहेर ऐकू जाईल." पण फुंकणारा माणूस घरात आहे, हेच खूप आहे. मी खिडकी लावते आणि यांच्यासाठी लिंबू चिरायला घेते.