बागेपर्यंत नेणारी तीनचाकी

सुधादादाच्या नंबरावरून फोन आला की आमच्यात ‘हॅलो’ म्हणायची पद्धत नव्हती. ज्याने फोन उचलला त्याने आधी टोमणा मारायचा, मग कामाचं बोलायचं. त्या दुपारी माझ्या दुकानात एक नवरदेवाचा बाप लग्नपत्रिकांचे नमुने चाळत बसला होता. फोन वाजला, नाव पाहिलं, आणि कान आणि खांद्याच्या मध्ये फोन दाबून मी मोठ्यांदा विचारलं, “काय, आज कोण गळतंय? गाडी की तू?” नवरदेवाचा बाप हसला. मग वैदेहीचा, दादाच्या मुलीचा, आवाज आला. “काका, मी बोलतेय... बाबा गेले. जेवून पडवीत आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत.” मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. नवरदेवाचा बाप अजून हसतच होता, एवढं आठवतं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी तिची माफी मागायला गेलो, तर ती म्हणाली, “उलट तुम्ही विचारलंत तेव्हा मला क्षणभर वाटलं, आता बाबा आतून उत्तर देतील.” आणि मग आम्ही दोघंही पडवीकडे न बघता चहा प्यालो.

सुधादादा माझा मावसभाऊ, माझ्याहून चांगला पंधरा-सोळा वर्षांनी मोठा. आयुष्यभर जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होता. गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याला लागून त्याचं घर, आणि घराच्या मागून जी चढण सुरू होते ती संपते सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, त्याच्या हापूसच्या बागेत. ही बाग त्याने बोटीवर असतानाच, सुट्टीसुट्टीत येऊन उभी केली. कातळ फोडून खड्डे काढायचे, खालून माती वाहून न्यायची आणि कलम लावायचं. वहिनी गेल्यावर त्या घरात तो एकटाच राहायचा, पण एकटा आहे असं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सकाळी बागेत जाऊन आलं की त्याचा दिवस भरायचा.

गुडघे गेल्यावर मात्र चढण त्याच्याच्याने होईना. वाट दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांमध्ये अशी चेपलेली की जीप शिरत नाही, आणि स्कूटर तोलायची तर पाय टेकवावा लागतो. तेव्हा उपयोगाला आली ती तीनचाकी. तुम्हाला रिक्षा डोळ्यांसमोर आली असेल, तर ती पुसून टाका. ही जपानी, वाळूवर आणि खडकावर चालायला केलेली, लाल, मोटारसायकलसारखं हँडल असलेली, आणि तिन्ही चाकं फुग्यासारखी टमटमीत. आखातातल्या कुठल्याशा बंदरात त्याला ती मिळाली. तिथून रत्नागिरीपर्यंत ती कशी आली, हे त्याने प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. कागदपत्रं सगळी ठीक होती, गोष्टच दर वेळी निराळी असायची. पोरांना घेऊन किनाऱ्याच्या पुळणीवर फिरवायची म्हणून आणलेली ती गाडी म्हातारपणी त्याचे पाय झाली.

एकदा भातकापणीच्या सुमारास तो चढणीवरून खाली येताना गाडीसकट गडग्यावर आडवा झाला. गळ्याजवळचं हाड मोडलं. वैदेही ठाण्याहून धावत आली आणि हात गळ्यात अडकवलेल्या बापासमोर तिने शांतपणे सांगितलं की ठाण्याच्या घरातली एक खोली रंगवून घेतली आहे, आता तिकडे चलायचं. पोरगी वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. घाबरली होती. बापाला फोन लागला नाही की तिचा दिवसभर जीव थाऱ्यावर नसायचा.

“मी पडलो नाय,” दादा म्हणाला. “गाडी पडली. मी नुसता तिच्यावर बसलो होतो.”

“बाबा, हाड तुमचं मोडलंय. गाडीचं नाही.”

“तिचंपण मोडलंय. तुला दिसत नाय.”

शेवटी दादाने जे सांगितलं ते तो एरवी कुणाला सांगणारा नव्हता. म्हणाला, तुझ्या घरात मला काही कमी पडणार नाही, ठाऊक आहे मला. पण बाग न बघता राहायचं झालं तर मी तिथे खोलीतला पाहुणा... वैदेहीने खिडकीबाहेर बघितलं. मग बापाच्याच वळणावर जाऊन तिने अट घातली. शिमग्याला येईन. मला मागे बसवून वर न्यायचं आणि खाली आणायचं. मला भीती वाटली नाही, तर ठाण्याचं नाव काढणार नाही. वाटली, तर बॅग भरायची.

आता दादाचा उजवा हात गळ्यात. त्यामुळे त्याचा उजवा हात म्हणून माझी नेमणूक झाली. माझे हात काय लायकीचे आहेत हे साऱ्या घराण्याला ठाऊक आहे. मी भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं की घरचे आधी पंचांग बघतात. पण रविवारी दुकान बंद असायचं आणि शिव्या खायची मला सवय होती, एवढ्या दोन गुणांवर माझी निवड झाली असावी.

गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. दुखणं पुढच्या दोन पायांत होतं. हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंना दोन नळ्या येतात, नळीत दांडा, आत स्प्रिंग आणि तेल. दगडावर चाक चढलं की स्प्रिंग दबते, आणि तेल तिला एकदम उसळू देत नाही. आमच्या गाडीचे दांडे खाऱ्या वाऱ्याने खाल्ले होते. त्यांवर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडलेले, त्या खड्ड्यांनी रबरी सील फाडलेले, आणि तेल गळून दांड्यांवर सड्याच्या तांबड्या धुळीचा चिखल झालेला. दांडा ज्यांतून सरकतो ते आतले बुशही झिजलेले. दादाने गाडी चिऱ्यांवर चढवून पुढचं चाक हलवायला सांगितलं. मी हलवलं, तर वहिनीच्या भांड्यांच्या फडताळासारखा आवाज आला. “ऐकलंस?” तो म्हणाला. त्याला केवढा आनंद झाला होता. रोग गाडीचा निघाला होता, त्याचा नव्हे.

पुढचे सगळे रविवार त्याच्या घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात गेले. काढलेला प्रत्येक तुकडा काढल्या क्रमाने सुपात ठेवायचा, डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे, ही त्याची शिस्त. एकदा मी सूप उचलून सावलीत नेलं आणि फिरवून ठेवलं, तर दुपारचं जेवण मला शेजारच्यांकडे जेवावं लागलं. दांड्यांवरचे खड्डे त्याने घट्ट होणाऱ्या रसायनाने भरून घेतले आणि ते वॉटर पेपरने घासायचं काम मला दिलं. बोटाला गुळगुळीत लागलं तरी त्याचा विश्वास नसे. म्हणे रेशमाचं कापड फिरवून बघ, जिथे धागा अडकेल तिथे अजून घास. ओटीत आलेल्या ब्लाऊजपिसांचा आमच्या घरी गठ्ठा आहे, त्यातला एक मी उचलला. तो नेमका भाचीच्या लग्नासाठी वेगळा ठेवलेला निघाला. त्याबद्दल घरी जे ऐकलं ते इथे छापण्यासारखं नाही.

बुश करून घ्यायला मी मिरकरवाड्याच्या मच्छीमार बंदरात गेलो, तिथल्या एका लेथवाल्याकडे. ट्रॉलरच्या पंख्याच्या दांड्याचे बुश करणारा तो माणूस, मी पुढे केलेला नमुना त्याने तळहातावर घेऊन विचारलं, “हा काय, भावल्यांच्या होडीचा?” पण केला मात्र झकास. सील एका देशी मोटारसायकलचा बसला. आणि तेल... तेलावर आमची गाडी अडली. मी बाजारातून त्या नळ्यांसाठी मिळतं ते पातळ तेल आणलं होतं. दादाने झाकण उघडून वास घेतला, दोन बोटांत चोळलं. “हे कोणी दिलान तुला? हे तर डोक्याला लावायचं.” आणि परत मिरकरवाड्याला पाठवून ट्रॉलरच्या गिअरमध्ये घालतात तसलं, काकवीसारखं जाड तेल मागवलं. सगळं आयुष्य बोटीवर काढलेला माणूस. तिथे पातळ तेल म्हणजे धोका. मी दोन्ही नळ्या जाड तेलाने भरल्या. त्याच्यावर शंका घ्यायला मी कोण?

शिमगा तोंडावर आलेला, हात गळ्यातून सुटलेला. दादाने हेल्मेट घातलं, गाडी काढली आणि समोरच्या कातळावर फेरी मारून आला. “फस्क्लास,” म्हणाला. पण हेल्मेटचा पट्टा मला सोडवायला लावला. चहा आला तर कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायला लागला. मी विचारलं, तर म्हणाला, थंडी वाजते. फाल्गुनात, रत्नागिरीत, भर दुपारी. मनगटं सुजून आली होती. जाड तेलाने तो पुढचा भाग मुळी हलतच नव्हता. प्रत्येक दगड सरळ त्याच्या हाडांत येत होता. मला कळत होतं, त्याला तर कळतच होतं. पण त्या दिवशी तो काही बोलला नाही आणि मीही गप्प घरी आलो. वाटलं, संपलं. ही गाडी पोरीला भीती घालणार आणि म्हाताऱ्याची बॅग भरली जाणार.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत फोन. टोमणा नाही, काही नाही. “ये. तेल काढायचंय.” मी पोहोचलो तेव्हा तो खळ्यात गाडीकडे बघत बसला होता. म्हणाला, “बोटीवर सगळं जागच्या जागी बसवायचं, हलता कामा नये. जन्मभर तेच केलं. हिला हलू द्यायला पायजे, ते माझ्या टकुऱ्यात शिरलं नाय.” आमच्या उभ्या आयुष्यात त्याची चूक त्याने माझ्यासमोर कबूल केल्याचा हा एकच प्रसंग, आणि नेमका तेव्हाच मला टोमणा सुचला नाही. आज वाटतं, बरंच झालं. जहाजाची इंजिनं दुरुस्त करणारा माझा भाऊ मला कधी एवढा मोठा वाटला नव्हता, जेवढा तो त्या सकाळी वाटला.

पातळ तेल दोन्ही नळ्यांत थेंबापर्यंत सारखं हवं. मापाला त्याने बाळाची दुधाची बाटली मागितली, तिच्यावर खुणा असतात म्हणून. पन्नाशीच्या माणसाने ती विकत घेतली तेव्हा दुकानदाराने माझं अभिनंदन केलं, आणि मीही आभार मानून मोकळा झालो.

शिमग्याची पालखी घरी येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वैदेही गाडीवर बापाच्या मागे बसली. ओठ घट्ट मिटलेले. मी खाली खळ्यात उभा. गडग्याच्या वळणापर्यंत दोघं दिसली, मग नुसता आवाज, मग वर जाऊन आवाज बंद. मी ऐकत राहिलो. कोणी येईना. ती वर कलमांतून फिरत असणार, बाप एकेक झाड दाखवत असणार... की गाडी पडली? गडग्याला हात टेकून मी दोन पावलं चढलो आणि इंजिन सुरू झाल्याचं ऐकू आलं. वळणावर गाडी दिसली. हँडल वैदेहीच्या हातात होतं. मागे सुधादादा, दोन्ही हात मांडीवर, कुठेही न धरता, वरातीला निघाल्यासारखा. पुढचं चाक दगडावर चढत होतं, दबत होतं आणि सावकाश वर येत होतं. खळ्यात गाडी थांबवून ती मला म्हणाली, “काका, मी विषय बंद केलाय. फक्त हेल्मेट घालायला सांगत जा यांना.” जिथे बाप पडला होता तिथे तिने वर जाताना, मागे बसलेली असताना, डोळे मिटून घेतले होते, हे तिने मला आत्ता, तो गेल्यावर सांगितलं. उघडले तेव्हा ती जागा मागे पडली होती. कळलंच नाही, म्हणाली.

त्यानंतर तो त्याच घरात राहिला. रोज सकाळी वर जायचा, खाली आला की फडक्याने दोन्ही दांडे पुसायचा, मग न्याहारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “पोरगीनं उतरवलीन गाडी, एकटीनं.” माझ्या घासण्याचा उल्लेख कधी केला नाही, ते सोडा. शेवटच्या दिवशीही तो बागेत जाऊन आला होता. फवारणीच्या पंपाचं भाडं सांगणाऱ्याशी भांडून, कैऱ्या किती धरल्यात ते बघून, सुट्टीला आलेल्या वैदेहीच्या हातचं जेवून. आपल्या मर्जीने जगायचं म्हणतात, तसं आमच्या घराण्यात एकच माणूस जगला, आणि तो माझा भाऊ होता, हे मी हल्ली न विचारताही लोकांना सांगतो.

गेल्या रविवारी वैदेहीचा फोन आला की गाडी उभी राहून बिघडेल, तेवढी बागेपर्यंत फिरवून आणा. माझ्या बायकोला मला एकट्याला तिकडे पाठवायचा धीर होईना, म्हणून तीही आली आणि पदर खोचून मागे बसली. मी चढणीला गाडी घातली. दोनदा गडग्याला घासतो की काय असं झालं, एकदा चुकून भलत्याच दगडावर चढवली. सड्यावर वारा होता, कलमं लगडलेली होती. मी इंजिन बंद केलं आणि आता ती माझ्या चालवण्यावर काय बोलते याची वाट बघत बसलो.

ती उतरली, एका कलमाखाली जाऊन उभी राहिली. पदर सारखा केला. मग पुढच्या चाकाकडे बघत म्हणाली, “तुम्ही चालवत होता, आणि मला एकदाही देव आठवला नाही... केवढं चोख काम करून गेले भावोजी.”