मंगळवार पेठेतली तुळई

मंगळवार पेठेतली ती घटना आठवली की आजही पुढचे ताट नकोसे होते. वास्तुशांतीची पंगत बसली होती आणि मधल्या खोलीचा माळा खाली आला. वाढायला वाकलेली घरमालकीण जागीच गेली. तिच्या नवऱ्याने इचलकरंजीत माग चालवून साठवलेल्या पैशांतून हे जुने घर नुकतेच विकत घेतले होते.

मी तेव्हा त्या भागाचा फौजदार होतो. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पंचनाम्याच्या वेळी माळ्याची मोडलेली तुळई बघितली. वरून ताजा ऑइलपेंट, आत नुसती माती. वाळवीने काही शिल्लक ठेवले नव्हते. घर विकणारा पेठेतलाच व्यापारी. शांतपणे म्हणाला, "लाकडाच्या आत काय हाय, मला काय ठावं, साहेब?"

उत्तर चोख होते. त्याला माहीत होते, हे सिद्ध कसे करणार?

मग शेजारच्या मावशी ठाण्यात आल्या. "माझं नाव सांगू नगासा. त्या व्यापाऱ्याची बायको-पोरं बी पंगतीत बसलीती. माळा पडायच्या जरा आधी ह्यानं येऊन तेवढ्यास्नी उठवलं आन् अंगणात नेलं."

त्याला पुन्हा बोलावले. आवाज चढवला नाही. असली माणसे दरडावले की तोंड मिटतात. वाळवीचे नावही काढले नाही.

"पोरांना का उठवलंस?"

"आत उकडत हुतं."

"बाकीच्यांना नव्हतं उकडत?"

"माळ्यावर ह्यांनी सामान रचलेलं बघितलं, म्हटलं आता तुळई टिकत न्हाय."

"मग सगळ्यांना का नाही उठवलंस?"

"व्यवहार मोडून घर परत माझ्या गळ्यात आलं असतं की, साहेब."

नोकरीत खुनी पुष्कळ बघितले, पण इतकी चीड क्वचित आली. सदोष मनुष्यवधाचे कलम लावले.

नवऱ्याचा पुरवणी जबाब मीच घेतला. खरेदीआधी त्याने वाळवी तपासणारा माणूस आणला होता. दारातच व्यापारी बिघडला, "पावणं, आमच्या शब्दावर इस्वास न्हाय व्हय?" हा नवरा ओशाळला आणि त्याने त्या माणसाला चहा पाजून परत धाडले.

"ही म्हणालती, बघू द्या की त्याला," तो सांगत होता. "मीच म्हटलं, बरं दिसत न्हाय."

आपल्याकडे भिडेपोटी माणसे काय काय गिळतात, ते मला त्या दिवशी कळले. आता कुणी घर घ्यायला निघाले की मी बजावतो, लाकूड टोचून बघा, मालक रागावला तर रागावू दे. रागावलेल्याची समजूत नंतर काढता येते. त्या नवऱ्याची मला काढता आली नाही.