सतरा चेहरे आणि यशोदाबाई

बन्सीलाल बाविस्करला कुणी विचारलं, की तुम्ही केलेल्या कव्हरांत तुमचं सगळ्यात आवडतं कोणतं, की तो खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "अजून केलं नाही." ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढा हा विनय. विनय कसला, खरंच केलं नव्हतं.

धुळ्यात पाचकंदिलाजवळ त्याचं 'बन्सी आर्ट' आहे. पोरवयात त्याने बियाणं कंपन्यांच्या भिंती रंगवल्या, मग अहिराणी गाण्यांच्या कॅसेटींची कव्हरं काढली, मग सीडीची. आता गाणं मोबाइलवर येतं, पण कव्हर सुटलं नाही. गाण्याआधी चित्र दिसतं, आणि चित्रावर बोट पडलं तरच गाणं ऐकलं जातं. उरलेल्या वेळात तो वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे बॅनर करतो. खानदेशात जन्मणाऱ्या आणि मरणाऱ्या बऱ्याच माणसांचं नाक त्याने माउसने सरळ केलेलं आहे.

आपल्याकडच्या अल्बमच्या कव्हराचं एक शास्त्र आहे, ते कुठल्या कला महाविद्यालयात शिकवत नाहीत. मधोमध नेता, त्याच्या उजव्या हाताला निर्माता, डाव्या हाताला निर्मात्याचे कैलासवासी वडील. खाली ओळीने मंडपवाला, बँडवाला, सराफ आणि 'मित्रमंडळ'. ज्याचा जेवढा हुद्दा, त्याचा तेवढा चेहरा. एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा सुपारीएवढं मोठं झालं तर दुकानावर माणसं येतात. आणि गाणारी? गाणारीचं नाव तळाशी, मुंगीच्या अक्षरांत, छापखान्याच्या पत्त्याशेजारी.

धरणगावची यशोदाबाई वीस वर्षं त्या मुंगीच्या अक्षरांत राहत होती. हळदीची, कानबाईच्या सणाची, विहिणींना टोमणे मारायची गाणी तिच्याइतकी कुणाला येत नव्हती. तिचा आवाज लागला की मांडवातल्या रुसलेल्या बायाही उठून हळद लावायला यायच्या. अठरा अल्बम झाले. कव्हरावर कधी नाशिकची पोरगी नथ घालून उभी, कधी नुसताच ट्रॅक्टर.

एकोणिसाव्या अल्बमचं नाव 'मांडोनी सावली', म्हणजे मांडवाची सावली. तेव्हा ती रेकॉर्डिंगनंतर बन्सीलालपाशी थांबली. "भाऊ, वीस वरीस गाई ऱ्हायनू मी. मन्हा फोटू कव्हय लागी?"

"या टाईमले लावस, अक्का," बन्सीलाल बोलून गेला. बोलल्यावर त्याला घाम फुटला, कारण निर्माता प्रेमराज होता.

प्रेमराज जळगावचा. ठिबकच्या नळ्या विकता विकता तो संस्कृती जपायला लागला. त्याने सतरा चेहऱ्यांची यादी धाडली. बन्सीलालने भीत भीत यशोदाबाईचं नाव काढलं, तर तो म्हणाला, "बन्सीभाऊ, तिला तर लोक ऐकणारच आहेत. बघायला कशाला पाहिजे?" बन्सीलालने मुकाट्याने सतरा डोकी बसवली.

पण ज्या दिवशी गाणं सोडायचं, त्याच दुपारी महापालिकेची आचारसंहिता लागली. प्रेमराजचा घाबराघुबरा फोन. "नेते काढ! सगळे काढ! मित्रमंडळसुद्धा, त्यातले चार जण उभे राहतायत."

"आणि तुमचा?"

"माझाही काढ. मीही उभा राहतोय."

"मग राहिले तुमचे वडील."

"ते एकटे काय करतील तिथे? त्यांनाही काढ. काहीही लाव, सहा वाजता सोडायचंय."

काहीही लाव! चाळीस वर्षांत बन्सीलालला एवढं स्वातंत्र्य कुणी दिलं नव्हतं. त्याने रेकॉर्डिंगच्या वेळी टिपलेला यशोदाबाईचा फोटो उघडला. डोक्यावर पदर, एक हात कानाशी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर सूर लागल्याचं समाधान. मागे फिकट आभाळी रंग दिला. खाली ठळक अक्षरांत नुसतं 'यशोदाबाई'. ना फुलं, ना चमकी. तो बराच वेळ पाहत बसला आणि त्याचे डोळे भरून आले. हे ते कव्हर होतं. सहा वाजता त्याने ते सोडलं.

सव्वासहाला पहिली प्रतिक्रिया आली: भावपूर्ण श्रद्धांजली.

साडेसातपर्यंत तीनशे झाल्या. चूक लोकांची तरी कशी म्हणावी? आभाळी रंगावर म्हाताऱ्या बाईचा एकटीचा फोटो, डोळे मिटलेले, शेजारी हात जोडलेला एकही नेता नाही, म्हणजे बाई गेलीच. जिवंत माणसाला आपल्याकडे एवढी जागा देतं कोण? आणि जन्मभर श्रद्धांजलीचे बॅनर करणाऱ्या बन्सीलालच्या हे ध्यानातही आलं नव्हतं.

सकाळी अमळनेरहून एक मावसबहीण यशोदाबाईच्या दारावर आली आणि तिने गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. पिठाचे हात घेऊन यशोदाबाई स्वतःच बाहेर आली. बहीण क्षणभर थबकली. पण एवढ्या लांबून आल्यावर रडणं अर्धवट कसं सोडायचं, म्हणून उरलेलं तिने यशोदाबाईच्याच गळ्यात पडून पुरं केलं.

बन्सीलालने प्रेमराजला फोन लावला. "भाऊ, कव्हर बदलतो. बाई जिवंत आहे, लोक मेली समजतायत."

"दोन लाख लोकांनी बघितलं!" प्रेमराज हर्षाने म्हणाला. "दोन दिवस राहू दे. रडतायत म्हणजे ऐकतायत."

दोन दिवसांचा महिना झाला. ज्या माणसांनी कधी तिचं नाव विचारलं नव्हतं, त्यांनी तिच्यावर लेख लिहिले. एका मंडळाने तिच्या नावाने पुरस्कार जाहीर केला आणि तो दुसऱ्याच बाईला दिला. बन्सीलाल मनातून कुढत होता, पण खोटं कशाला बोला, कव्हराची तारीफ वाचून थोडा फुगतही होता.

महिना उलटल्यावर यशोदाबाई एसटीने धुळ्याला आली. तोवर मतमोजणीही उरकली होती. बन्सीलाल उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आता शिव्या बसणार. ती मात्र बाकावर टेकली, पाणी प्यायली, आणि भिंतीवर लावलेलं ते कव्हर पाहत राहिली.

"कितलं बेस शे," ती म्हणाली. "मी अशी दिसस का रे भाऊ?"

"अशीच दिसतस, अक्का."

तिने पदराने डोळे पुसले. मग सांगितलं, की लग्नाची दाट तीथ आली तरी एकही बोलावणं नाही. सात घरांनी हळदीला सांगून ठेवलं होतं, सातही घरांनी डीजे ठरवला. मेलेल्या बाईला कोण बोलावणार? तिने स्वतः फोन केला, तर एका वरमाईने घाबरून तो बंदच केला. "हाई काढी टाक, भाऊ. त्या बठ्ठा माणसं परत लाव. त्यासना मझार मी ऱ्हायनू म्हंजे लोकेसले समजी, बाई जित्ती शे."

बन्सीलालच्या जिवावर आलं. पण त्याने सतरा डोकी परत बसवली. प्रेमराज निवडणुकीत पडला होता, त्यामुळे त्याच्या नावाआधी फक्त 'भावी नगरसेवक' वाढवावं लागलं. बँडवाला आणि मंडपवाला यांच्या मधल्या फटीत यशोदाबाई बसली, बटाट्याएवढी, डोळे उघडे, हसती.

संध्याकाळी ती एसटी स्टँडवर असतानाच पारोळ्याहून हळदीचं बोलावणं आलं. ते सांगायला तिने बन्सीलालला फोन केला. आनंदाने बोलली, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "आन भाऊ, तो एकलीना फोटू पुसजो नको. एक दिन लागीच. तव्हय पोरंसले धावपळ नको."

"असं नका बोलू अक्का," बन्सीलाल म्हणाला. फोन ठेवून त्याने त्या फाईलच्या दोन प्रती काढल्या. एक दुकानात ठेवली, एक घरी नेली.