मागचं धूसर राहू दे

पासपोर्टच्या फोटोसाठी येणाऱ्या प्रत्येकाला तिचा नवरा एकच गोष्ट बजावायचा, "हसू नका." त्यामुळे अख्खा रस्ता त्याला 'हसूनका' म्हणूनच ओळखायचा. लाडात आली की तीही म्हणायची, "चला हसूनका, जेवायला!"

पांढऱ्या पडद्यासमोरचे ताठ चेहरे हे त्याचं पोटापाण्याचं काम. जीव अडकलेला रानफुलांत. सुट्टीच्या सकाळी दोघं बस आगारामागच्या मोकळ्या जागेत जात. तो गवतात पालथा पडून नखाएवढ्या फुलाला कॅमेरा भिडवायचा. एक पाकळी लख्ख यायला हवी. बाकी गवत, भिंत, सगळं विरघळून गेलेलं.

"लोकांना सरळ बसा म्हणता आणि स्वतः लोळता," दगडावर बसून ती चिडवायची.

मग त्याचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, हे बरं होणारं दुखणं नाही. गोळ्यांनी थोडं लांबवता येईल. दुकानात कॅमेरा स्टँडवर असायचा, तिथलं निभावलं. पण जमिनीलगतच्या फुलाशी स्टँड कुठला पोचायला? आणि इतक्या जवळून हात केसभर हलला तरी फोकस निसटायचा.

एका सकाळी त्याने कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला.

"अहो, मला कुठे येतंय?"

"मी सांगतो ना. तू फक्त हात दे."

आता ती गवतात आणि तो दगडावर. "पाकळी नको, आतला केसर धर. मागचं धूसर राहू दे. श्वास रोख... हं, आता!" चुकलं की तो खेकसायचा. "आयुष्यभर धुणं धुतलं, कुणी श्वास रोख म्हणालं नाही," ती उलट सुनवायची. पण हळूहळू तिचा हात बसला.

एकदा त्याने ताज्या पिवळ्या फुलाकडे बोट दाखवलं. तिची नजर मात्र शेजारच्या वाळून मान टाकलेल्या फुलावर गेली. न विचारताच तिने फोकस त्याच्यावर धरला. मागे ताजं फूल पिवळ्या उजेडासारखं पसरलं. त्यानेच तो फोटो मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. फोटो काढायला आलेली एक शिक्षिका बघतच राहिली. "तुमचा सगळ्यात चांगला फोटो हा!"

"माझा नाही, हिचा आहे," तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा उतरला. गल्ल्यामागून तिने ते पाहिलं.

पुढच्या सुट्टीला तो म्हणाला, "आज ढग आहेत." आभाळ तर निरभ्र होतं. नंतर म्हणे पाय दुखतात. तिने ओळखलं, मुकाट्याने कॅमेरा कपाटात ठेवला.

दुखणं पुढे सरकत गेलं. त्याने अंथरूण धरलं, बोलणं जड झालं. तेव्हा एका सकाळी, शेजारणीला घरी बसवून ती एकटीच आगारामागे गेली. परतल्यावर कॅमेरा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्याने बराच वेळ पाहिलं.

"पानं... मागची पानं फार दिसतात," तो कसाबसा म्हणाला. "जवळ जा अजून."

दुसऱ्या दिवशी ती आणखी जवळ गेली. मग रोजच. कधी तो "हं" म्हणे, कधी मान हलवून फोटो नापास करी, आणि नापास केला की तिला दिवसभर हलकं वाटे. फुलं सरली, आणि पुन्हा बहर येण्याआधी तोही गेला.

दुकान आता ती चालवते. यंदा फुलं आली तेव्हा ती एकदा जाऊन आली. धाकट्या बहिणीने फोटो पाहिला.

"किती सुंदर गं!"

"सुंदर असेल. पण चुकलंय कुठे?"

बहिणीने फोटो पुन्हा न्याहाळला. "कुठेच नाही!" बहिणीच्या हातून कॅमेरा घेऊन ती चहा ठेवायला आत गेली. आधण उकळून आटत आलं, तरी ती ओट्यापाशी तशीच उभी होती.