ट्रेबल अधिक सात

स्टिरिओसाठी गाडी घेतलेला माणूस बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. यात अतिशयोक्ती नाही. स्टिरिओ आधी आला. रंगीत पडद्याचा, बाहेरून मागवलेला तो डबा पाच महिने घरातल्या कपाटात साड्यांच्या खाली होता. मग त्याला शोभेल अशी गाडी शोधायला सुरुवात झाली. अण्णा (साडूंना सगळे अण्णाच म्हणतात) गाडी बघायला जाताना खिशात मोजपट्टी ठेवत. विकणारा माणूस इंजिनाबद्दल सांगत असे आणि अण्णा डॅशबोर्डवरच्या खाचेची लांबी-रुंदी मोजत. तीन चांगल्या गाड्या त्यांनी एवढ्यावरून नाकारल्या. चौथी घेतली, तिच्या मागच्या डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकलेली होती आणि अजूनही आहे. "काच काय, हवा येती," अण्णा म्हणाले. "खाच बघा, पाव्हणं. खाच मापात हाय."

आवाजाचा हा शौक कुठून आला ते समजायचं तर त्यांचं काम सांगायला हवं. अण्णा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, कास्टिंग वाजवून तपासतात. ट्रॅक्टरच्या ब्रेकचे ओतीव ड्रम साखळीला टांगायचे, लहान हातोडीनं एक ठोका द्यायचा आणि ऐकायचं. ड्रम निर्दोष असेल तर घंटेसारखा बारीक, लांब आवाज निघतो. आत डोळ्यांना न दिसणारा तडा असेल तर आवाज बद्द येतो आणि लगेच मरतो. पुढच्या तपासणीला फौंड्रीत यंत्र आहे, पण आधी अण्णांचा कान. त्यांचे वडील त्याच फौंड्रीत साच्यांची वाळू उपसायला रोजंदारीवर होते. मुलगा हातोडीच्या टेबलावर बसला याचं घरात अजून अप्रूप आहे. एकदा मी त्यांना विचारलं होतं, भीती कशाची वाटते? भट्टीची, असं उत्तर येईल असं वाटलं होतं. "कानाची," ते म्हणाले. "कान गेला की हातोडी गेली. मग मी कोण?"

हातोडी हातात नसतानाही ते ठोके देतच असतात. कलिंगड, नारळ, माठ यांचं कुणालाही नवल नाही. शहापूर भागातल्या त्यांच्या गल्लीतल्या बायका उन्हाळ्याच्या तोंडावर नवे माठ घेऊन त्यांच्या दारात येतात. पण अण्णा नव्या घराचं दार वाजवतात, लग्नाच्या पंगतीत ताट वाजवतात. माझ्या मुलाला खोकला झाला तेव्हा डॉक्टरच्या आधी त्यांनी त्याच्या पाठीवर दोन बोटांनी ठोका दिला आणि "आत कफ हाय, तडा न्हाय," असं निदान केलं. डॉक्टरांनी नंतर वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं.

स्टिरिओच्या बाबतीत मात्र ते ठोका देत नाहीत, हात जोडतात. पडद्यावर शहापूरच्या साडीच्या काठाचं झाकण असतं. ते आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं शिवलेलं, शिवताना भरपूर बोलून घेऊन. गाडीत बसल्यावर झाकण निघतं, त्याची चौपदरी घडी होते, ती खिशात जाते, आणि मग किल्ली फिरते. पडद्यावर उभ्या रंगीत पट्ट्या नाचू लागतात. डावीकडच्या पट्ट्या जाड आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. जो आवाज वाजेल त्याची पट्टी वर जाते. रंग बदलता येतात. चौदा एप्रिलला दिवसभर निळा. पाहुणे गाडीत असतील तर हिरवा, कारण हिरव्यानं माणूस गप्प बसतो असं अण्णांचं निरीक्षण आहे. आक्का बसल्या असतील तर कुठलाही, कारण त्यांच्यावर रंगाचा परिणाम होत नाही. गाडीचा नियम असा की बेळगाव सोडल्यापासून हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत कुणी बोलायचं नाही. टोलनाक्यावर पाच मिनिटं बोलायला सुट्टी. पुढं संकेश्वरला चहा, तिथं मोकळीक. निपाणीच्या अलीकडं एका पुलावर बेळगावचं कन्नड रेडिओ केंद्र खरखरतं आणि कोल्हापूरचं मराठी सुरू होतं. पडद्यावरची अक्षरं बदलतात तेव्हा अण्णा हॉर्न वाजवतात. "सीमाप्रश्न सुटला," असं म्हणून ते माझ्याकडं बघतात. मी बारा वेळा हसलो आहे.

"माणसं बाहीरचं बघत्यात, आन ह्यो माणूस डब्यात बघतोय," आक्का मागून म्हणतात. "एक दिवस ट्रक डब्यात येईल तुमच्या."

"आला तर सर्वात आधी मलाच ऐकू येईल," अण्णा म्हणतात.

गेल्या वर्षी मला पडद्यावरचा एक आकडा वेगळा दिसू लागला. बारीक आवाज कमी-जास्त करायची सोय असते, तिला ट्रेबल म्हणतात. शून्य म्हणजे गाणं जसं आहे तसं. दिवाळीत हा आकडा अधिक दोन होता. संक्रांतीला अधिक चार. चैत्रात निपाणीला एका बारशाला निघालो तेव्हा अधिक सात, म्हणजे त्याच्या पुढं आकडाच नव्हता. आक्कांनी दोन्ही कानांवर पदर दाबून धरला होता. "कानात दाभण घातल्यावानी हुतंय, जरा बारीक करा की ओ," त्या म्हणाल्या. माझ्याही दाढा शिवशिवत होत्या. अण्णा मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "उजव्या बाजूचा स्पीकर मेलाय. बद्द वाजतोय." आणि गाडी चालवता चालवता त्यांनी दारातल्या स्पीकरवर बोटाचा ठोका दिला.

दुसऱ्या दिवशी रविवारी ते मला घेऊन बेळगावातल्या स्टिरिओच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारा. त्यानं आकडा बघितला, अण्णांकडं बघितलं, आणि ट्रेबल शून्यावर आणला. मग आपल्या मोबाइलवरून तपासणीचा एक आवाज लावला, अगदी बारीक, सरळ रेषेसारखा. पडद्याच्या उजव्या टोकाची पट्टी वर गेली आणि वरच थांबली.

"स्पीकर चांगला आहे री अण्णा," तो म्हणाला. "वाजतोय."

अण्णा पट्टीकडं बघत राहिले. मग कान दारापाशी नेला. मग दुसरा कान नेला. दुकानदारानं आवाज बंद केला, पट्टी खाली आली. पुन्हा लावला, वर गेली. असं तीनदा झालं.

"पाव्हणं, वाजतंय?"

"वाजतंय," मी म्हणालो. खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं.

घरी येताना स्टिरिओ बंद होता. त्या गाडीत मी पहिल्यांदाच तिच्या इंजिनाचा आवाज ऐकला. गोवावेसजवळ अण्णा म्हणाले, "तडा खातो त्यो ह्योच आवाज. बारीक. त्योच मला न्हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "मग इतकं दिवस मी काय वाजवलं?"

त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. फौंड्रीत कुणाला काही कळलेलं नव्हतं, आणि पुढं यंत्र होतंच. आक्का रात्री जेवताना म्हणाल्या, "गप ऱ्हावा की. तीन वर्सं हा हा म्हणता जात्याल." अण्णांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "बिरेक हाय त्यो, गं. कुणाच्या तरी चाकात जातोय."

सोमवारी सकाळी ते टेबलावर बसले नाहीत. मॅनेजरकडं जाऊन त्यांनी आपल्या कानाचं सांगितलं, आणि यार्डात पडून असलेला महिन्याभराचा माल, जो त्यांनीच पास केला होता, पुन्हा दुसऱ्याकडून वाजवून घ्यायला सांगितलं. मॅनेजरला ते काम नको होतं. अण्णा त्याच्या केबिनबाहेर जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभे राहिले. माल वाजवला गेला. दोन ड्रम बद्द निघाले. ते दोन्ही अण्णांनी स्वतः उचलून भट्टीकडं नेले.

आता ते माल पाठवायच्या विभागात आहेत. हातोडी गुंजीहून सकाळच्या रेल्वेनं येणाऱ्या एका बाईकडं गेली. तिला अण्णांनीच शिकवलं. दीड महिना ते तिच्या टेबलाशेजारी उभे होते. सुरुवातीला ते इतकं सांगत की एक दिवस ती म्हणाली, "मामा, तुमी बोलत ऱ्हायलासा तर मला ड्रम कसा ऐकू येणार?" फौंड्रीभर हसू झालं. अण्णाही हसले. मला सांगताना म्हणाले, "तिचा कान लई भारी हाय, पाव्हणं. माझ्यापेक्षा भारी." हे शेवटचे दोन शब्द त्यांनी दोनदा म्हटले.

गेल्या महिन्यात पुन्हा निपाणीला गेलो. ट्रेबल शून्यावर होता. गाणी गोड वाजत होती, कुणाला तक्रार करायला जागा नव्हती, आणि टोलनाक्यापर्यंत न बोलायचा नियम कुणी न सांगता सुटला होता. पुढच्या सीटवर आक्का बसल्या होत्या. त्यांनी जागा कधी बदलली ते मला माहीत नाही. संकेश्वर ओलांडल्यावर एक जुनी लावणी लागली. ढोलकी थांबली, बाई गायची थांबली, आणि पडद्याच्या उजव्या कडेच्या चार पट्ट्या थरथरत वर गेल्या.

"पैंजण हाय का गं?" अण्णांनी विचारलं.

"हाय," आक्का म्हणाल्या.

अण्णांनी पडद्याकडं बघत वेग कमी केला आणि गाडी डाव्या बाजूला घेतली. पट्ट्या खाली येईपर्यंत ती तशीच सावकाश चालत राहिली, आणि मागचे सगळे ट्रक आम्हाला ओलांडून गेले.